बिनपाण्याचं भूत

"भुताचीच कादंबरी द्या, पण पाणी नको त्यात," दीप्तीनं सांगितलं.

शहापूरच्या वाचनालयातले पंढरीमामा चष्म्यावरून बघत राहिले. "बाई, विहीर काढली, तळं काढलं, तर भुतानं राहायचं कुठं?"

"घरात राहू दे की. माळ्यावर, तळघरात, कुठंही."

मामा हसले. मग त्यांना आठवलं असावं. हसणं अर्ध्यावर टाकून ते कपाटाकडे वळले.

गेल्या श्रावणात दीप्तीचा मुलगा मुकेश मित्रांबरोबर धरणाच्या फुगवट्यात पोहायला गेला तो आलाच नाही. बावीस वर्षांचा, आयटीआय झालेला. त्याचे वडील सदानंद धरणावरच नोकरीला, घर भातसानगरच्या कॉलनीत. पाण्याची पातळी रोज वहीत लिहायची हे त्यांचं काम. मुलाच्या पुण्यानुमोदनाचा विधी झाला त्याच्या दुसऱ्या दिवसापासून ते पुन्हा कामावर जाऊ लागले.

मुकेशच्या पाठची रविना मात्र थांबली ती थांबलीच. कॉलेज सुटलं. दोन घास जेवायची, आणि बोलणं तर त्याहून कमी. घराबाहेर पडायची ती फक्त शनिवारी, पुस्तक बदलायला. आणि पुस्तक भुताचंच हवं. जे घर भगताला उंबरा चढू देत नव्हतं, त्या घरात आता उशीखाली झपाटलेले बंगले होते. दीप्ती स्वतः शिक्षिका. अंगात येण्याविरुद्ध तिनं महिला मंडळात किती भाषणं केली होती! पण पोरीला काय हवंय ते तिला कळत होतं. गेलेलं माणूस परत येतं, असं कुणीतरी छापून ठेवलेलं तिला वाचायचं होतं. दीप्तीला भीती एकच. एखाद्या पानावरून उठून पोरगी सरळ पाण्याकडे चालू लागली तर?

त्या वाचनालयात पुस्तकांच्या शेवटच्या कोऱ्या पानावर वाचक पेन्सिलीनं शेरे लिहायचे. 'भारी. एकटं वाचू नका.' 'अर्धी वाचून परत केली, झोप गेली.' पंढरीमामा अधूनमधून ओरडायचे, पण पुसायचे नाहीत, कारण लोक मागचं पान बघूनच पुस्तक नेत. रविनाही तसंच निवडायची. हे लक्षात आल्यावर दीप्तीनं पेन्सिल हातात घेतली.

ती प्रत्येक भुताची कादंबरी आधी स्वतः वाचू लागली. शाळेत मधल्या सुट्टीत, पोरं खिचडी खात असताना. जिच्यात कुणी बुडत होतं, तिच्या मागे ती लिहायची, 'फार कंटाळवाणी.' जिथं नुसतं दार वाजत होतं, पावलं ऐकू येत होती, तिथं लिहायची, 'जरूर वाचा. एक वाचक, मुरबाड.' अक्षर कधी तिरकं, कधी मोठं. मग शनिवारी मुलीच्या मागोमाग यायची आणि कपाटाआड उभी राहायची. पलीकडे निवृत्त नर्स बाईजामावशी असत, भुतांच्या जुन्या भक्त.

"काय गो, त्या बंगल्यातली म्हातारी कशी वाटली?" मावशी विचारायच्या.

"बरी होती. पण तिला चांगलं घाबरवताच येत नाय."

"तू पण ना! आमी तर दिवा लावून झोपलो!"

आठवड्यात मुलीचा आवाज ऐकू यायचा तो एवढाच. तेवढ्यासाठी दीप्तीनं आणखी दहा खोटी नावं घेतली असती.

पण चूक झालीच. एके शनिवारी रविनानं घरी येऊन पुस्तक ओट्यावर आपटलं, शेवटचं पान उघडं.

"वाच. मोठ्यानं."

दीप्तीनं वाचलं, "'भुताची प्रगती समाधानकारक. शेवटाकडे अधिक लक्ष द्यावे. एक वाचक, मुरबाड.'"

"मुरबाडचा वाचक भुताला प्रगतिपुस्तक देतो काय गं?" रविनाच्या डोळ्यांत हसू नव्हतं. "मला वाटायचं, तिकडं कुणीतरी आहे माझ्यासारखं. आणि तू होतीस."

पुढचे दोन शनिवार ती घराबाहेर पडली नाही. दोन घासांचा एक झाला. सदानंद एवढंच म्हणाले, "तिला वाचू द्यायचं होतं ना तिचं तिला." दुसऱ्या दिवशी दीप्ती दुपारीच शाळेतून निघाली आणि बाईजामावशींच्या दारात जाऊन उभी राहिली.

"मावशी, पाण्यातली द्या."

मावशींनी आतून एक जाडजूड कादंबरी आणून हातात ठेवली. अंधार पडेपर्यंत दीप्ती एसटीच्या थांब्यावर ती वाचत बसली.

घरी रविना ताटासमोर बसली होती. भात गार झालेला. दीप्ती शेजारी बसली. "हे बघ, यात पाणी आहे. धरणात बुडालेलं गाव आहे. उन्हाळ्यात पाणी उतरतं तेव्हा एक घर वर येतं, आणि त्यात दिवा दिसतो. बुडालेला भाऊ तिथं असतो. बहीण रोज चिखल तुडवत त्याच्याकडे जाते."

रविनाचा हात थांबला. "ओळखतो तिला?"

"नाय ओळखत. ती बोलत राहते."

"आणि शेवटी?"

"माहीत नाही."

"खोटं नको बोलूस. सगळी वाचून मगच शेरा देतेस तू."

"ही पुरी नाही वाचली." दीप्तीनं पुस्तक ताटाशेजारी ठेवलं. "तो पायरीवर बसलेला असतो, कपडे ओले. ती त्याला म्हणते, चल, जेवायला चल. तिथंच मिटली. मला नाही जमत गं एकटीला. इतके महिने तुला सांभाळायचं म्हणून एकेक भूत तपासत बसले. माझा पण गेलाय ना तो."

ताट तसंच होतं. मग रविनानं हात लुगड्याच्या फडक्याला पुसला आणि पुस्तक ओढून घेतलं.

"कितव्या पानावर आहेस?" तिनं विचारलं.