ताईची तांदुळज्याची जुडी

सटाण्याकडे जायला कोणता रस्ता बरा, असे ओळखीचे लोक अधूनमधून विचारतात. मला तो रस्ता ऐंशीच्या दशकातल्या एका फेरीमुळे पाठ आहे, म्हणून तीच फेरी लिहितो.

माझी थोरली ताई सटाण्यापुढच्या एका गावात दिली होती. ती कांद्याच्या शेतात निंदणीला जायची. दिवाळीनंतर ती कावीळ होऊन गेली. पुढे माघात दाजींचे पत्र आले : "रविवारी ग्रामसभा आहे. शिवारात तणनाशक बंद करायचा ठराव मांडतोय. तुम्ही शिकलेले, सरकारी नोकरीत. तिचं काय झालं ते तुम्ही उभं राहून सांगा." मी दोन दिवस विचार केला आणि शनिवारपासून रजा टाकली.

नाशकातल्या जुन्या सीबीएस स्टँडवरून सकाळची पहिली गाडी धरली. थंडी होती. खिडकीची काच बसत नव्हती, ती मी वर्तमानपत्र लावून बसवली. पिंपळगाव, चांदवड, मग भावडबारीचा घाट. घाटात उजवीकडची जागा घ्या, खाली देवळ्याकडचे शिवार छान दिसते. देवळ्याला गाडी वीस मिनिटे थांबे. स्टँडवरची कांदाभजी तेव्हा कागदावर मिळत, आणि चहा आटवलेला असे. एका चहावर दोघांचे भागे.

सटाण्यापासून गावापर्यंत दुसरी गाडी. तिची वेळ सांगण्यात अर्थ नाही, ती भरली की सुटे. दोन्ही बाजूंना कांद्याचे हिरवे वाफे. मधेच एखादा बांध मात्र भाजल्यासारखा पिवळा. शेजारचा म्हातारा म्हणाला, "औषध शे ते. गवत जळस, कांदा राहस."

दाजी स्टँडवर आले होते. जयभीम झाला, पिशवी त्यांनी घेतली. वाटेत एवढेच म्हणाले, "भाजीनंच गेली, असं सांगा. तुमचं ऐकतील."

त्या भागात निंदणीचे गवत निंदणाऱ्या बाईचे. मजुरीशिवाय तो तिचा हक्क. गवत शेळीला, आणि त्यातला तांदुळजा, घोळ घरच्या भाजीला. औषध आल्यावरही बाया बांधावरचा पाला आणत राहिल्या. मिठाच्या पाण्यात धुतला की औषध निघून जाते, असे सगळ्या समजत. ताई दर आठवड्याला आमच्या वस्तीतल्या कंडक्टरच्या हाती माझ्यासाठी तांदुळज्याची जुडी पाठवायची. तिला वाटे, नाशकात असली भाजी मिळत नाही.

रविवारी सभा शाळेच्या पडवीत भरली. कांद्याचे मोठे बागायतदार आबा पुढे बसले होते. ते म्हणाले, "बायांना औषधाची भीती नाय, मजुरीचा रोज बुडायची भीती हाय! ऐन हंगामात निंदायला बाया मिळत नाय, तेव्हा आम्ही काय करायचं?"

लोक हसले. ताईच्या जोडीने निंदणाऱ्या जिजाबाई मागून म्हणाल्या, "आबा, एक दिवस बठा निंदाले, मंग सांगा."

आता आबाही हसले. दाजींनी माझ्याकडे पाहिले. मी उभा राहिलो.

"डॉक्टरांनी कावीळ सांगितली," मी म्हणालो. "कशानं झाली ते सांगितलं नाही. मलाही माहीत नाही. तीच भाजी ताई मला पाठवायची. मी दर आठवड्याला खाल्ली. मला काही झालं नाही."

दाजींनी मान खाली घातली. आबा म्हणाले, "ऐका! सख्खा भाऊ सांगतोय." मला तिथून निघून जावेसे वाटले. पण खोटे बोलवले नसते.

तेवढ्यात जिजाबाई उठल्या. "भाऊ, तुले निवडेल भाजी धाडे ती. बांधवरनी मुरडेल, पिवयी पानं घरना भाजीमा टाके. मी बाजूलेच बठेल राहू. म्हणे, भाऊ शहरमा राहस, त्याले चांगली जाऊ दे."

म्हणजे निवडलेली पाने मला, मुरडलेली ताईला. मी उभाच होतो. शेवटी आबांनीच विचारले, "एक वर्षच ना?" सरपंच म्हणाले, एक वर्ष, पुढचे पुढे पाहू. हात वर झाले. आबांचा सर्वांत शेवटी, आणि अर्धाच.

रात्री दाजींनी बाजरीची भाकरी आणि मटकीची उसळ केली. मिठाचा अंदाज त्यांना अजून आला नव्हता. त्यांनी मला बोल लावला नाही.

सकाळी गाडीपाशी जिजाबाईंनी एक जुडी हातात दिली. "परसमाना शे, औषध नही," म्हणाल्या. घरी बायकोने ती सोडून पाहिली. "कुणीतरी फार निवडून दिलीय हो. एकही पान वाईट नाही."

तिला सगळे मी नंतर सांगितले.

आता तो रस्ता रुंद झाला आहे, देवळ्याला गाडी फार थांबत नाही. दुसऱ्या वर्षी ठराव टिकला, तिसऱ्या वर्षी नाही. ताई कशाने गेली, ते मला आजही माहीत नाही. पण घरी तांदुळजा आला की तो मीच निवडतो. मुरडलेली पाने वेगळी काढतो, आणि ती टाकून देईपर्यंत ओट्यापासून हलत नाही.