आधी पाणी

“आधी पाणी घ्या, मंग बोला.” बदनापूरला आमच्या समोर राहणाऱ्या मावशींच्या दारात पाऊल टाकलं की हे ऐकावंच लागे. मीटर बघायला आलेला माणूस असो की तावातावाने आलेली शेजारीण, हातात तांब्या दिल्याशिवाय त्या कुणाला तोंड उघडू देत नसत. भांडायला आलेल्याचा निम्मा जोर तिथेच ओसरायचा. असं एखादं घर तुमच्याही पाहण्यात असेल.

मावशी नात्याने आमच्या कुणी नव्हत्या. नवरा गेल्यावर राजूरहून इथे येऊन राहिलेल्या. खुनाच्या पिक्चरचं त्यांना भलतं वेड. त्यातला एक जुना पिक्चर मी रविवारी दुपारी टीव्हीवर लावला की निवडायचं ताट घेऊन त्या हजर. खुनी कोण हे पाठ असूनही पोलिसांवर चिडायच्या, “त्याला काय विचारून राह्यला? तो मागं उभा हाय तुझ्या.”

त्या पिक्चरच्या शेवटी, शिक्षा भोगून सुटलेला खुनी मेलेल्या मुलाच्या आईच्या दारात येतो. ती त्याला ओळखते आणि पाणी देते. हा प्रसंग जवळ आला की मावशींना हटकून घरचं दूध आठवायचं. उतू जाईल म्हणत त्या उठून जायच्या. मलाही तेवढा शेवट पटत नसे. पोटच्या पोराला मारणाऱ्याला कोण पाणी देईल, असं मी बायकोला ऐकवायचो.

मग एकदा बायकोनेच सांगितलं. मावशींच्या एकुलत्या भावाला राजूरला दुकानाच्या जागेवरून शेजारच्या दुकानदाराने जिवे मारलं होतं. तेव्हापासून दोन्ही घरांचं एकमेकांकडे पाणी बंद. आपल्याकडे वैर असंच धरतात, आणि पाणी घेतलं की ते मिटलं म्हणतात. त्या दुधाचा अर्थ मला तेव्हा लागला.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, एका सकाळी मी मावशींच्या ओट्यावर पेपर वाचत बसलो होतो. पांढऱ्या दाढीचा एक माणूस आला आणि पायरीखालीच थांबला. मावशी बाहेर आल्या, त्याला पाहिलं आणि चौकट धरून उभ्या राहिल्या.

“सुटून आलो, बाई,” तो म्हणाला. “आत येत न्हाई. एक बोलायचं व्हतं.”

मावशी आत गेल्या. आता कडी लागणार, असं मला वाटलं. मग त्या तांब्या घेऊन आल्या. हात इतका थरथरत होता की पाणी पायरीवर सांडत होतं.

“आधी पाणी घ्या,” त्या म्हणाल्या.

तो मटकन खाली बसला आणि प्यायला. मी उठून घरी आलो. एवढं मोठं काही मी आयुष्यात पाहिलेलं नाही, देवळातसुद्धा नाही.

त्या रविवारी मावशींनी स्वतःच तो पिक्चर लावायला सांगितला आणि शेवटपर्यंत बसल्या. पडद्यावरच्या आईने पाणी दिलं, तेव्हा ताटातल्या तांदळांवरची नजर उचलून म्हणाल्या, “तिचा हात हलला न्हाई, बघा. माझा लई हलला.” आपल्याला त्या बाईइतकं जमलं नाही, असं त्यांना मनापासून वाटत होतं.

मावशी गेल्या. समोरच्या दाराला कुलूप असतं. तो पिक्चर आता माझा सगळ्यात आवडता आहे, आणि अजून मी तो लावतो. शेवटचा प्रसंग आला की माझी नजर त्या आईच्या पायरीकडे जाते. पायरी कोरडीच असते.