सातव्या दुकानातली फिरनी

मंडळी, चहा-मिठाईच्या छोट्या दुकानांवर लिहायचं म्हणून आज सकाळपासून फिरतोय. चिकलठाण्यातलं सातवं दुकान गाठेपर्यंत जिभेला चव कळेनाशी झाली होती.

तिथल्या चहावाल्या मावशींनी पहिल्यांदाच फिरनी केली होती. "भाऊ, खरं सांगा. जमली असंल तरच विकायला काढते."

मी दमलेलो. एक चमचा खाल्ला आणि "मस्त" म्हणालो. त्यांनी लगेच वाट्या बाहेर मांडल्या.

तेवढ्यात कंपनीतून सुटलेलं रोजचं गिऱ्हाईक आलं. एक घास घेऊन म्हणालं, "मावशे, दूध खाली लागलंय की! लई करपट."

मावशींनी वाट्या आत नेल्या. मग मला विचारलं, "भाऊ, तुम्हाला कळलं नाय, का सांगवलं नाय?"

कळलं नव्हतं, पण ते कबूल करायची लाज वाटली. तुम्ही काय उत्तर दिलं असतं?