दाते पडलेली कुकरी

आमचे हे लष्करात, नेपाळच्या सरहद्दीजवळ. दर सुट्टीला एक नेपाळी कुकरी आणायचे. साडी आणायचं कधी सुचलं नाही. धुळ्याच्या घरात भिंतीवर अशा सहा जमल्या. दसऱ्याच्या पूजेला त्यातली एक हेच निवडत. त्या वर्षी रजा मिळाली नाही. ‘यंदा तुझ्या आवडीची काढ,’ असं पत्र आलं.

मी दाते पडलेली काढली. एकदाच हे दोन महिने घरी राहिले होते, तेव्हा चुलीसाठी रोज हिनंच पऱ्हाट्या तोडायचे.

शेजारची अक्का म्हणाली, “चांगल्या पाच सोडीसन हाई?”

“हाई एकच घरमा राबेल शे,” मी फणकारले. “बाकीन्या पाव्हन्या शेतस.”

पत्रात मात्र पूजा झाली, एवढंच कळवलं.