खारट कुरडया

मला कॅन्सर झाला आणि माझ्याशी भांडणारं कुणी उरलं नाही. बजाजनगरातली आमची गल्ली तशी शांत कधीच नव्हती. सगळी कंपनीतली बिऱ्हाडं, कुणी कुठल्या गावचं, कुणी कुठल्या. समोरच्या घरातली बाई अजिंठ्याकडची आणि आम्ही गंगापूरचे. आमच्या धुण्याचं पाणी तिच्या दारात जातं, या एका विषयावर आम्ही दोघींनी आपापली मुलं लहानाची मोठी केली. एरवी ती मला "ए गंगापूरवाले" अशी हाक मारायची. आता आवाज खाली आणून म्हणायची, "आराम करा वहिनी. पाणी येऊ द्या, काय होत नाय." छातीतली गाठ डॉक्टरांनी काढली होती, पण धडकी मला त्या 'वहिनी'नं भरायची.

घरात तर विचारूच नका. नवऱ्यानं लग्नापासून माझं कधी ऐकलं नव्हतं. आता मी म्हणेन त्याला "बरं". एकदा परीक्षा पाहावी म्हणून म्हटलं, "ती मिशी काढून टाका." संध्याकाळपर्यंत मिशी गायब. तिच्याखालचा ओठ मी पहिल्यांदाच पाहिला, आणि तो इतकी वर्षं झाकून ठेवला होता तेच बरं होतं. पण हसू यायच्या ऐवजी मला घाम फुटला. एवढी जपलेली मिशी माणूस बायकोच्या शब्दाखातर उतरवतो, म्हणजे डॉक्टरांनी याला बाजूला घेऊन काहीतरी सांगितलंय. मी जगणार की नाही, एवढंच मला कुणाला तरी विचारायचं होतं. विचारायला तोंड उघडलं की समोरचा माणूस नारळपाणी पुढं करायचा.

अशात उन्हाळा आला आणि गल्लीत कुरडया सुरू झाल्या. आमच्याकडं हे काम एकटी-दुकटी करत नाही. आज हिच्या गच्चीवर, उद्या तिच्या, सगळ्याजणी मिळून. भिजवलेल्या गव्हाचा चीक काढायचा, तो मोठ्या पातेल्यात हाटून शिजवायचा आणि गरम असतानाच सोऱ्यातून पाडायचा. त्यात मिठाचं काम अवघड. ओल्या चिकात बरोबर वाटलेलं मीठ वाळल्यावर चढतं, म्हणून ते जरा कमीच लागायला हवं. गल्लीतलं मीठ माझ्या हातचं. हे मला कुणी दिलेलं काम नव्हतं, मीच बळकावलं होतं.

समोरचीच्या गच्चीवर कुरडया होत्या त्या दिवशी मीही गेले. नवरा म्हणाला, "जाऊ नको." मी म्हटलं, "जाणार." तो म्हणाला, "बरं." डोक्याला स्कार्फ गुंडाळून मी गच्ची चढले, तर बायकांनी प्रमुख पाहुणी आल्यासारखी सावलीत खुर्ची मांडली. आता ही बसेल आणि दोन शब्द बोलून जाईल, अशा बेतानं. मला राग आला. मी सरळ पातेल्यापाशी गेले आणि चीक चाखला.

केमो सुरू झाल्यापासून माझ्या जिभेला चव नव्हती. जे खाईन ते लोखंडाचं. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. केस गेले, ताकद गेली, आता जीभही गेली म्हटलं तर माझ्याजवळ राहिलं काय? म्हणून मी जाणत्यासारखी मान हलवली, म्हटलं, "अळणी आहे," आणि मूठभर मीठ टाकलं. पुन्हा चाखलं. पुन्हा टाकलं. बायकांनी एकमेकींकडं पाहिलं. "बरोबर हाय ना?" मी विचारलं. "व्हय व्हय वहिनी, एकदम बरोबर," सगळ्या एका सुरात म्हणाल्या. मी तरंगतच घरी आले.

पुढं एके दिवशी समोरचीकडं पाहुणे आले आणि तिनं त्या कुरडया तळल्या. पाहुणे गेल्या गेल्या ती ताटली घेऊन आमच्या दारात. नवरा म्हणाला, "ती झोपलीय." त्याला बाजूला सारून ती आत आली आणि ताटली माझ्या पुढ्यात आदळली.

"खा."

मी खाल्ली. नुसती कुरकुरीत लागली.

"पाहुण्यांनी एकेक तुकडा मोडला आन् पाण्याचा हंडा संपवला. माझ्या वर्षाच्या कुरडया घालवल्यास तू."

"मला चव कळत नाही," मी म्हटलं. "केमोपासून नाही."

"मग मिठाला हात कशाला लावला?"

"अन् तुम्ही सगळ्या व्हय व्हय कशाला म्हणालात?"

"आजारी माणसाला काय बोलावं म्हणून व्हयला व्हय केलं. लई चूक झाली."

मग आम्ही भांडलो. मिठावरून पाण्यावर गेलो, पाण्यावरून तिच्या मोठ्या आवाजाच्या टीव्हीवर. माझा आवाज चढला, स्कार्फ सुटून खाली पडला, आणि टक्कल उघडं पडल्याचंही मला भान राहिलं नाही. कितीतरी दिवसांनी मला इतकं बरं वाटत होतं. नवरा दारात ओठावरून बोट फिरवत उभा होता. मधे पडावं की नाही ते त्याला कळत नव्हतं.

बोलता बोलता माझ्या तोंडून गेलं, "मी मेले की घाल हवं तेवढं मीठ." आणि मला रडू कोसळलं. "मला भीती वाटते गं," मी म्हटलं. "लई भीती वाटते."

ती खाली बसली. तिनं नारळपाणी दिलं नाही की काही होत नाही असंही म्हटलं नाही. माझा स्कार्फ उचलून गुडघ्यावर ठेवला, आणि बराच वेळ ती माझ्याबरोबर रडली. मग पदरानं नाक पुसून म्हणाली, "पुढल्या वर्षी तू मिठाला शिवायचं नाय. नुसतं सोऱ्या धरायचा."

डॉक्टर "बघू" म्हणायचे, नवरा "बरं" म्हणायचा. पुढल्या वर्षीचं काम आजवर कुणी माझ्या गळ्यात घातलं नव्हतं.

"आन् गहू कुणाचे?" मी विचारलं.

"तुझे," ती म्हणाली. "नुकसान तू केलंस."