बांधावरचे वाळे

काही प्रकरणांचा निकाल लागतो, पण राग उतरत नाही. कवठे येमाईचं ते प्रकरण आठवलं की आजही तळपायाची आग मस्तकात जाते. तेव्हा मी शिरूर पोलीस ठाण्यात नेमणुकीस होतो.

खबर दौंडहून आली. तिथल्या एका सराफाने फोन केला, "साहेब, एकजण चांदीचे बाळवाळे विकायला आलाय. पेशवेकालीन म्हणतो. तुमच्या भागातल्या शेतात सापडले म्हणे. मला काही बरं दिसत नाही." सराफाने त्याला चहापाण्यात गुंतवून ठेवलं आणि दुपारपर्यंत तो आमच्या ठाण्यात बाकावर होता.

माणूस पुण्याचा, शिकलेला. गाडीच्या डिकीत मेटल डिटेक्टर, हेडफोन, लहान फावडं. पिशवीत तांब्याची झिजलेली शिवराई नाणी आणि ते वाळे. पंचनामा करून मुद्देमाल सील केला.

चौकशीत तो घाबरला तर नाहीच, उलट मलाच इतिहास शिकवायला लागला. "सर, हा माझा छंद आहे. या लोकांना अशा वस्तूंची किंमत नसते. नांगराखाली जाण्यापेक्षा मी वाचवतो." जमिनीत जुनं काही सापडलं तर आधी जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं, हे त्याला तोंडपाठ होतं. तरी गेला सराफाकडेच! बढाया मारणाऱ्याला अडवायचं नाही, हा माझा नियम. बोलू दिलं. त्या भरात त्याने गाव सांगितलं, विहीर सांगितली, बांधावरची बाभूळ सांगितली.

"मालकाने परवानगी दिली होती?"

"हो सर. जेवायलासुद्धा घातलं."

त्याला जीपमध्ये घालून, पंच सोबत घेऊन त्या रानात गेलो. एक तरुण बाई कांदा खुरपत होती. तिने त्याला लगेच ओळखलं. "ह्ये तर पाणी बघायला आल्यालं पाहुणं."

आमच्या भागात बोअर घ्यायच्या आधी पाणाडी आणतात. तो तळहातावर नारळ धरून, पायातलं काढून रानभर फिरतो. या महाशयांनी सांगितलं होतं की नारळाऐवजी आता मशीन आलंय. त्या माउलीने विश्वास ठेवला, वर पिठलं-भाकरी वाढली.

"बूट काढलं न्हाईत तवाच खटकलं व्हतं मला," ती म्हणाली. "पर जेवाय बसल्याल्या माणसाला काय बोलायचं?"

"वाळे कुठे मिळाले, दाखव," मी त्याला म्हणालो. त्याने बाभळीखालच्या दगडाकडे बोट केलं आणि बाई खुरपं टाकून त्या दगडापाशी जाऊन बसली.

त्या दगडाखाली तिचं पहिलं लेकरू होतं. तापाने गेलेलं, तान्हं. एवढ्या लहान मुलाला अग्नी देत नाहीत, पुष्कळ घरं आपल्याच रानात पुरतात. पायातले वाळे काढून घ्यायला तिचा हात धजला नव्हता. हा पाहुणा येऊन गेल्यावर दगड हललेला दिसला, तेव्हा कोल्ह्याने उकरलं असेल समजून तिने तो पुन्हा बसवला होता.

आणि हा शहाणा काय म्हणाला? "सर, ते वाळे दोनशे वर्षांपूर्वीचे आहेत. हिचे कसे असतील?"

बाईने मानही वर केली नाही. "एकाची कडी तुटली व्हती. आमच्या मालकांनी मोटारीच्या वायंडिंगची तार गुंडाळलीया."

पंचांसमोर सील उघडलं. माती खरवडली. कडीला तांबडी तार होती. पेशव्यांच्या काळात वायंडिंगची तार!

"हाडं दिसली नाहीत तुला?" मी विचारलं.

"दिसली. वाटलं, जनावराची असतील."

जनावराच्या पायात वाळे असतात होय रे? आरोपीवर हात उचलावा असं मला इतकं कधीच वाटलं नव्हतं. मी दोन्ही हात खिशात घातले आणि जीपकडे चालत गेलो. पुढे गुन्हा कबूल झाला, दफनाच्या जागेची विटंबना आणि चोरी, दोन्ही कलमं लागली.

बाईचं मात्र एकच म्हणणं होतं. "साहेब, ते तुमच्या कपाटात नगा ठिवू. त्याच्या पायात पायजेत." तिला कोर्टाची वाट बघायला सांगणं माझ्या जिवावर आलं. त्यात गावातले आणि ठाण्यातलेही काही दीडशहाणे मला ऐकवत होते, "मातीत चांदी पुरायचीच कशाला?" जसा काही गुन्हा तिचाच!

कोर्टाचा हुकूम झाला तेव्हा वाळे घेऊन मी स्वतः गेलो. तिने ते पदराने पुसले आणि दगडाखाली ठेवले. तिचा नवरा रांजणगावच्या कंपनीत कामाला. तो गोणीतून गंजलेले खिळे, नटबोल्ट, बाटल्यांची बुचं बांधाच्या कडेने मातीत दाबत होता.

"हे काय करताय?" मी विचारलं.

"परत कुणी मशीन घिऊन आलं तर वाजू द्या, साहेब. समदीकडंच वाजंल."

जमिनीखालचं बेवारस नसतं, एवढं त्या प्रकरणाने मला शिकवलं. वरून चालणाऱ्याला ते कळत नसेल, तर त्याने निदान पायातलं काढावं. शिकल्यासवरल्या माणसाच्या भीतीने आईबापांना स्वतःच्या रानात खिळे पेरावे लागले. निवृत्त होताना पिस्तूल जमा केलं, पट्टा जमा केला. हा राग तेवढा घरी घेऊन आलो.