चुकलेल्या स्पेलिंगची इंजिनं

माझी बायको दौंडची. तिचे अब्बा रेल्वेत सांधेवाले होते. गाडी कुठल्या रुळावर घालायची ते सांधे बदलून ठरवायचं, हे त्यांचं काम. राहायला रेल्वेचं क्वार्टर होतं आणि मागचं दार उघडलं की समोर यार्ड. मालगाडीचे डबे जोडताना धक्का बसला की त्यांच्या फळीवरच्या बशा वाजायच्या, असं ती सांगायची. लग्न करून भोरला आली आणि पहिल्याच आठवड्यात मला म्हणाली, "तुमच्या हितं लई शांत हाय. झोप लागत न्हाई मला."

मी हसलो. नवी नवरी आहे, होईल सवय, असं वाटलं. सवय झाली असावी, कारण पुन्हा ती तसं बोलली नाही. पण आमच्या तालुक्यात रेल्वे नाही, हे मला तोवर कधी जाणवलंच नव्हतं. ते तिच्यामुळं कळलं.

मी वेल्ह्याला तहसील कचेरीत कारकून. सकाळी भोर डेपोतून एसटी पकडायची, कापूरहोळला उतरायचं, हायवेवरून मिळेल त्या गाडीनं नसरापूर फाटा गाठायचा आणि तिथून पुढं वेल्ह्याची गाडी. संध्याकाळी हेच उलटं. दिवसभर घरात ती आणि माझी अम्मी. आम्हाला मूल झालं नाही. पुण्यात दाखवलं, दर्ग्यावर नवस केले, मग हळूहळू तो विषय घरात कुणी काढेनासं झालं.

तिची धाकटी बहीण नवऱ्याबरोबर दुबईला गेली, तेव्हा भोरच्या एसटी स्टँडजवळ नवा सायबर कॅफे सुरू झाला होता. बहीण फोटो पाठवायची आणि ते बघायला ही कॅफेत जायची. एकदा फोटो उघडायला वेळ लागत होता, तेव्हा तिनं कॅफेवाल्याला विचारलं, "यात रेल्वे दिसती का हो?" त्या भल्या माणसानं शोधून दिलं. त्यात एका लिलावाच्या साइटवर खेळण्यातल्या रेल्वेगाड्या विकायला होत्या. म्हणजे आपण जत्रेत बघतो तसल्या किल्लीच्या नव्हेत. खऱ्या गाडीचं हुबेहूब लहान रूप, चाकाची प्रत्येक आरी वेगळी, विजेवर रुळावरून धावणारी.

त्या दिवशी मी घरी आलो तेव्हा ती दारातच उभी होती. "अहो, एक इंजिन हाय," म्हणाली. "काळं. कोळशाचं. माझ्या तळहातावर मावंल एवढं. कुणीच बोली लावली न्हाई त्याला."

तिनं माझ्याकडे लग्नापासून कधी काही मागितलं नव्हतं. मी म्हटलं, "लाव बोली."

तिची युक्ती मला पुढं कळली. कळली म्हणजे, कॅफेवाल्यानंच हसत हसत सांगितली. ती शिकलेली सातवीपर्यंत. इंजिनचं इंग्रजी स्पेलिंग लिहिताना शेवटचा 'ई' ती गाळायची. रेल्वेतला 'आय' तिला ठाऊकच नव्हता. आणि असंच चुकीचं लिहिणारे विकणारेही देशभर होते. कुणाच्या काकानं जर्मनीहून आणलेली गाडी माळ्यावर पडलेली असायची, ती ते कसंही लिहून विकायला काढायचे. बरोबर स्पेलिंग टाकून शोधणाऱ्या शौकीन लोकांना ती दिसायचीच नाही. माझ्या बायकोला दिसायची. मुदत संपेपर्यंत बोली लावणारी ती एकटीच. जिथं पुण्या-मुंबईचे लोक एका डब्यावर पगार घालवायचे, तिथं ती भाजीच्या पैशातून वाचवून अख्खी पेटी घरी आणायची.

कॅफेवाला एकदा म्हणाला, "वहिनी, बरोबर स्पेलिंग शिकवू का?"

"नको बाबा," ती म्हणाली. "शिकले की महाग पडंल."

पहिलं इंजिन आलं तेव्हा कुरियरवाला भोरपर्यंत यायला तयार नव्हता. पार्सल कापूरहोळच्या एका टायरच्या दुकानात ठेवून गेला. मी कचेरीतून येताना ते घेतलं आणि मांडीवर ठेवून एसटीत बसलो. घरी तिनं दोरी कात्रीनं न कापता गाठ सोडवली. वर्तमानपत्राच्या चुरगाळ्यातून ते काळं इंजिन निघालं. एक चाक निखळलेलं, पुढचा दिवा तुटलेला. तिनं ते डोळ्यांसमोर धरलं, मग जमिनीवर ठेवून स्वतः पालथी झोपली आणि एक गाल फरशीला टेकवून त्याच्याकडे बघत राहिली. "असं बघितलं की खरं दिसतं," म्हणाली. "यार्डात आमी असंच बसायचो, रुळाच्या बाजूला."

मी पण तिच्या शेजारी पालथा पडलो. अम्मी दारातून बघून गेली. स्वयंपाकघरातून तिचा आवाज आला, "लेकरं न्हाईत घरात, आन् खेळणी येत्यात."

बायकोनं ऐकलं. मीही ऐकलं. दोघंही उठलो नाही.

पुढची दोन-तीन वर्षं आमच्या मागच्या खोलीत एक गाव वसलं. जुन्या दरवाजाची फळी आडवी टाकून तिच्यावर रूळ बसवले. विजेचा ट्रान्सफॉर्मर जळाला तेव्हा नसरापूरच्या मोटार वाइंडिंगवाल्याकडून भरून आणला. डबे परदेशी हिरव्या रंगाचे यायचे, ते तिला चालेनात. तिच्या लहानपणचे डबे विटकरी तांबडे. तसा रंग कुठं मिळेना, तेव्हा तिनं भोरच्या बाजारातून त्या छटेच्या नेलपॉलिशच्या बाटल्या आणल्या. नमाजाआधी हातपाय धुताना, वुजूला, अडचण होते म्हणून तिनं उभ्या जन्मात नखं रंगवली नव्हती. दुकानदारीण तिला म्हणाली, "भाभी, आज काय विशेष?" तर ही म्हणाली, "नगरकडची पॅसेंजर रंगवायचीय." घरी येऊन मला हे सांगताना तिला हसू आवरेना.

घरांच्या, सिग्नलच्या केबिनच्या जुळणीच्या पेट्याही ती मिळवायची. त्यात प्लॅस्टिकच्या चौकटीला चिकटलेले बारीक बारीक तुकडे असायचे. ते कापून, घासून, चिकटवून घर उभं करायचं. कसं जोडायचं याचा कागद हरवलेला असला की पेटी स्वस्त मिळायची, आणि ती नेमक्या तशाच घ्यायची. कागद असता तरी जर्मन भाषेतला, काय उपयोग? लोडशेडिंगच्या वेळा बघून कामं व्हायची. वीज असली की गाडी चालवायची, गेली की खिडकीपाशी बसून तुकडे जोडायचे. नेलकटरनं कापायची, शिवणाच्या सुईनं खिडक्यांना डिंक लावायची.

सुईचं टोक दिसायला त्रास व्हायला लागला तेव्हा आम्ही म्हटलं, वय झालं, चष्मा बदलू. तिला साखर होती, पण गोळ्या चालू होत्या. मग एकदा गाडी चालवता चालवता ती म्हणाली, "अहो, शेवटचा डबा कुठं गेला?" डबा होता जागेवर. मी तिला बोटानं दाखवला. ती मान तिरकी करून बघत राहिली आणि म्हणाली, "व्हय, हाय की." पण तिला दिसला नव्हता, हे मला कळलं.

पुण्यात डॉक्टरांनी डोळ्यांत औषध टाकून तपासलं. साखरेनं डोळ्याच्या मागच्या पडद्यावर रक्त साकळलंय, म्हणाले. लेसर करून जेवढं राहिलंय तेवढं राखू, गेलेलं परत येणार नाही. परतीच्या एसटीत ती खिडकीशी बसली होती. खेड शिवापूरच्या पुढं तिनं मला विचारलं, "जेवढं राहिलंय म्हंजी किती, ते सांगितलं का त्यांनी?"

मी म्हटलं, "नाही सांगितलं."

लेसरच्या खेपा झाल्या. उजवा डोळा आधी गेला, डावा मागाहून. उजेड आणि सावली एवढं उरलं.

मला वाटलं, नाद सुटू द्यायचा नाही. आता कॅफेत तिच्याबरोबर मी जायला लागलो. ती शेजारच्या खुर्चीवर बसायची आणि मला एकेक अक्षर सांगायची, तिच्या पद्धतीनं, चुकीचं. मी पडद्यावर काय आलंय ते वाचून दाखवायचो. "डब्याला दोन डोळे हायत का एक?" ती विचारायची. डोळे म्हणजे शेवटच्या डब्याचे दिवे. मला सांगता यायचं नाही. मी वेळ लावून बघायचो, चुकायचो. पार्सल आलं की ती हाताळून म्हणायची, "हे तर दुसरंच हाय." रागावून नव्हे, पण हातातलं खाली ठेवायची आणि पुन्हा उचलायची नाही.

मग एका लहान स्टेशनच्या इमारतीची पेटी मिळाली, कौलारू, पुढं ओसरी असलेली. तिला ती हवीच होती. ती सांगेल तसं मी जोडायला बसलो. तीन रविवार गेले. माझी बोटं जाड, डिंक सगळीकडे सांडलेला, छप्पर एका बाजूला कललेलं. तिनं दोन्ही हातांत घेऊन कौलांवरून बोट फिरवलं.

"कललंय का?" मी विचारलं.

"कललंय," ती म्हणाली. "असू द्या. आमच्या क्वार्टरचं पण कललेलं होतं."

ते स्टेशन मी रुळाशेजारी ठेवलं. तिला फळीपाशी खुर्ची दिली आणि तिचं आवडतं काळं इंजिन, मागं तांबडे डबे, अशी गाडी सोडली. मला वाटलं, दिसत नसलं तरी ऐकू तर येतं. गाडी गोल फिरत राहिली. ती मान खाली घालून ऐकत होती. थोड्या वेळानं म्हणाली, "बंद करा."

मी बंद केली.

"तुमाला एक सांगू?" ती म्हणाली. "हा आवाज गाडीचा न्हाई. मिक्सरमधी काय तरी अडकल्यावर होतो, तसला हाय. आधी डोळ्यांनी गाडी दिसायची, तवा कानालाही ती गाडीच वाटायची. आता नुसतीच घरघर."

तिनं खुर्चीचा हात चाचपला, उठली, भिंत धरून स्वयंपाकघरात गेली. त्यानंतर ती आपण होऊन त्या खोलीत गेली नाही.

मी हट्ट सोडला नाही. कचेरीतून रजा काढून तिला एसटीनं नीरेला नेलं, कारण आम्हाला त्यातल्या त्यात जवळच्या स्टेशनांत ते एक. दौंडला नेणार होतो, पण ती म्हणाली, "तिथं आता कोण हाय? क्वार्टरात दुसरी माणसं." नीरेच्या फलाटावर बाकड्यावर बसलो. बऱ्याच वेळानं मिरजेकडची गाडी आली. बाकडं थरथरलं. माझा हात तिनं घट्ट धरला होता. गाडी थांबली, माणसं उतरली, चढली, गाडी गेली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण चेहरा तसाच, स्थिर.

"बरं वाटलं का?" मी विचारलं.

"अब्बांचा हात असाच धरायचे मी, गाडी आली की," ती म्हणाली. "तवा मला दिसत होतं, तरी धरायचे."

पुन्हा येऊ म्हटलं, तर नको म्हणाली. परतताना लोणंदला आम्ही चहा घेतला. तिच्या बशीत चहा सांडला आणि तिनं पदरानं गुपचूप पुसला.

वर्षभर खोली बंदच होती. झाडलोट करायला फक्त मी जायचो. एकदा तिनंच विषय काढला. "विकून टाका," म्हणाली. "पडून गंजत्याल. ज्याला दिसतं त्याच्याकडं जाऊ द्यात."

मी म्हटलं, "तू गेली नाहीस तरी राहू देत की खोलीत. मला सवय आहे बघायची."

"तुमी बघता, ते मला कळतं," ती म्हणाली. "तुमी खोलीत गेला की लवकर बाहेर येत न्हाई. त्याचंच मला वाईट वाटतं."

पुण्याचे एक गृहस्थ गाडी घेऊन आले. शौकीन माणूस होते, हावरट नव्हते. प्रत्येक डबा उलटा करून बघत, कापडात गुंडाळत होते. हिनं त्यांना चहा केला. अंदाजानं करायला ती आता शिकली होती. जाताना ते म्हणाले, "ताई, एखादं इंजिन ठेवा आठवणीला. मी त्याचे पैसे कापून घेणार नाही."

"न्हाई," ती म्हणाली. "ठेवलं की रोज हात जाईल."

त्यांनी मग माझ्याकडे बघितलं. मी पेटी उचलून त्यांच्या गाडीत ठेवली. गाडी पुढच्या वळणावर दिसेनाशी झाली तरी मी रस्त्यात उभा होतो. आत येऊन बघितलं तर ती त्या मोकळ्या खोलीच्या दारात उभी होती, चौकटीला हात लावून. मी आल्याचं तिला कळलं. "किती मोठी झाली खोली," म्हणाली. दिसत नव्हतं, पण बोलल्यावर आवाज घुमत होता, त्यावरून तिनं ओळखलं.

आता तिथं गव्हाचं पिंप आहे, आणि एक खाट. वारा चांगला येतो म्हणून दुपारी ती तिथं पडते. अम्मी जाऊन बरीच वर्षं झाली. मी संध्याकाळी वेल्ह्याहून आलो की खाटेच्या कडेला बसतो. ती विचारते, आज कुठली गाडी मिळाली, शेजारी कोण होतं, घाटात ऊन होतं का. मी सांगतो. कधी सांगता सांगता लक्षात येतं, तिचा डोळा लागलाय. तरी मी घरापर्यंतचं सगळं सांगून संपवतो.